पट्टा

आठ डॉलरला सुरी मिळते, बायको म्हणाली,
आणि तू सहाशे घालून
सुरी घासायचं यंत्र बनवतोयस.
बरोबर आहे. हिशोबात मी तिला कधीच हरवलेलं नाही.

ईरी, फेब्रुवारी. सरोवरावरून आलेला बर्फ
गॅरेजच्या दाराला कमरेइतका टेकलेला.
आत मी, एक हीटर, भंगारातली अर्धा इंची पट्टी
आणि ड्रिलची मोडलेली तीन टोकं.

चाकं चार. एक ओढणारं, दोन नुसती फिरणारी
आणि वरचं, जरासं पोट सुटलेलं.
सपाट चाकावर पट्टा थांबत नाही,
कडेला सरकतो, भिंतीवर जाऊन आदळतो.
मधे किंचित फुगवटा लागतो.
पट्टा आपणहून चढाकडे जातो
हे मला पन्नाशीत कळलं.
ताणायला जुन्या गाडीच्या डिकीचा दांडा.

मोटर शेजारच्या स्टॅन वोय्नारोव्हस्कीकडची,
त्याच्या तळघरातल्या ट्रेडमिलमधली.
लोरेटा गेल्यापासून त्यावर शर्ट वाळायचे.
त्यानं शर्ट काढले, एकेकाची घडी घातली,
मग म्हणाला, ने.

चौतीस वर्षं त्यानं रेल्वे इंजिनांच्या मोटरींना
तार गुंडाळली आहे.
चक्राचे आटे उलटे आहेत हे त्याला बघूनच कळलं;
मी अर्धा तास ते सोडवतोय समजून
घट्ट करत बसलो होतो.
लोखंडाची धूळ विजेला फार प्रिय, म्हणत
त्यानं सगळी वायर डब्यात बंद केली,
फटीफटीत सिलिकॉन भरलं.

मी सांगितलं, कराडला आमच्या गल्लीत
धारवाला यायचा. सायकल स्टँडवर चढवायचा,
पेडल मारायचा, पुढे सहाण फिरायची.
कात्रीला हळू, कोयत्याला जोरात.
वेग सगळा पोटऱ्यांत.
मग नॉब कशाला लावतोस, स्टॅन म्हणाला,
पोटऱ्या कमव.

पहिल्यांदा चालू केलं.
नॉब शून्याच्या केसभर पुढे.
पट्ट्याच्या पाठीवरचा छापील बाण
दर फेरीला वाचता येत होता.
मी पिळायला गेलो, तर त्यानं मनगट धरलं.
वाढवू नकोस.
इतकाच. ती इतकीच चालायची.
डॉक्टरनं सांगितलेली अकरा मिनिटं.
मी वरच्या पायरीवर बसून ऐकायचो,
थांबली तर कळावं म्हणून.

पातं हातातच राहिलं.
हीटर बंद झाला, पुन्हा लागला.
अकरा मिनिटं होऊन गेली असतील.
आता वाढव, म्हणाला.

मग ठिणग्या. मग तो वास,
बादलीत बुडवताना चर्र,
पुन्हा पट्ट्यावर, पुन्हा बादली.
पातं निळं पडलं की पाणी उतरलं.
आम्ही लोखंडाला पाणी पाजतो,
शत्रूलाही पाणीच पाजतो,
माणसाचं पाणी जोखतो,
असं काहीबाही इंग्रजीतून समजावताना
माझ्याही तोंडाचा पट्टा सुटला.
तोवर त्यानं कानातलं यंत्र काढून
खिशात ठेवलेलं होतं.

टोकाशी पोलाद पातळ, उष्णतेला जायला जागा नाही.
तिथे मी नॉब मागे आणला.
पार मागे.

डावी उतरण उजवीपेक्षा वर गेली आहे.
मूठ अजून नाही, नुसती चिंधी गुंडाळलेली.
स्टॅननं पातं चष्म्याशी धरलं,
फिरवून पाहिलं, म्हणाला,
पर्च मासे तक्रार करणार नाहीत.

दुसऱ्या दिवशी पाहिलं, डब्यावर
नॉबच्या शेजारी
पेन्सिलीची एक बारीक रेघ.

पट्टे बदलतो, बादलीतला गाळ काढतो.
सगळीकडे काळी भुकटी बसते, रोज पुसावी लागते.
त्या रेघेपाशी आलो
की फडकं जरा उचलून नेतो.